चायनाटाउनचं कोलंबस पार्क: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅनहॅटनच्या चायनाटाउनमधल्या कोलंबस पार्कबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक न्यू जर्सी आणि क्वीन्समधले मराठी लोक. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आलेले असतात. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, एम्पायर स्टेट सगळं बघून झालेलं असतं, तरी मुक्कामाचे तीन महिने शिल्लक असतात. अशा वेळी मी या पार्कचं नाव सुचवते. त्यावर ठरलेले प्रश्न येतात.

१. हे पार्क नेमकं कुठे आहे? केवढं आहे?

मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, कोर्टकचेऱ्यांच्या मागच्या अंगाला. पश्चिमेला बॅक्स्टर स्ट्रीट, पूर्वेला मलबेरी स्ट्रीट, उत्तरेला बेयर्ड स्ट्रीट आणि दक्षिणेला वर्थ स्ट्रीट. जागा जेमतेम तीन एकर. सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं आहे, त्यामुळे तसलं काही डोळ्यांसमोर ठेवून येऊ नका. उत्तरेकडे दगडी मंडप आणि टेबलं, मध्ये मुलांची खेळण्याची जागा, दक्षिणेकडे कृत्रिम हिरवळीचं मैदान. फेरी मारायला दहा मिनिटं लागतात. प्रवेश फुकट आहे.

२. तळं नाही, बाग नाही, मग दहा मिनिटांच्या जागेसाठी एवढ्या लांब का यायचं?

माणसांसाठी. आपल्याकडे गावात पारावर म्हातारी मंडळी जमतात, तसे इथे रोज शेकडो चिनी आजी-आजोबा जमतात. पत्ते, चिनी बुद्धिबळ, गाणं-बजावणं, हात बघणारे ज्योतिषी, सकाळी ताई-ची (संथ लयीतला चिनी व्यायाम) करणाऱ्या बायका. यातले पुष्कळ जण आजूबाजूच्या जुन्या इमारतींमध्ये दोन-दोन खोल्यांत राहतात. बाहेरची खोली म्हणावी तर ती हे पार्कच.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तासभर नुसत्या बाकावर बसून होत्या. अमेरिकेत आल्यापासून रस्त्यावर माणसंच दिसत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. त्या दिवशी म्हणाल्या, "इथे माणसं आहेत."

३. एडिसन किंवा जर्सी सिटीहून कसं यायचं? आणि जॅक्सन हाइट्सहून?

एडिसन, मेट्रोपार्क या बाजूने येणाऱ्यांनी न्यूअर्क पेन स्टेशनला उतरून पाथ गाडीने (न्यू जर्सी आणि मॅनहॅटन जोडणारी रेल्वे) वर्ल्ड ट्रेड सेंटर गाठावं. तिथून चालत साधारण वीस मिनिटं. जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअर किंवा ग्रोव्ह स्ट्रीटहून तीच पाथ. जॅक्सन हाइट्सहून सबवेची आर गाडी थेट कॅनल स्ट्रीटला येते. वेळ लागतो, पण गाडी बदलावी लागत नाही, म्हणून वयस्कर माणसं बरोबर असतील तर हीच बरी. कॅनल स्ट्रीट स्टेशनवरून पार्क पाच-सात मिनिटांवर आहे. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी गाड्यांचे मार्ग बदलतात, तेवढं सकाळी बघून निघा.

स्वतःची गाडी आणू नका. पार्किंग महाग आहे, कॅनल स्ट्रीटवरची गर्दी जीव नकोसा करते, आणि मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी आणण्यासाठी २०२५ पासून वेगळा आकारही पडतो.

४. कधी गेलेलं चांगलं?

ताई-ची बघायची असेल तर सकाळी लवकर. गाण्यासाठी शनिवार-रविवारची दुपार (प्रश्न ११). एप्रिल ते ऑक्टोबर पार्क गजबजलेलं असतं, पण थंडीतही ते ओस पडत नाही: जाड कोट, कानटोप्या घातलेले आजोबा मंडपाच्या आडोशाला पट मांडून बसलेले असतात. पाऊस असेल तर मात्र बेत पुढे ढकला.

५. आई-बाबांना झेपेल का? बसायला जागा, स्वच्छतागृह वगैरे?

पार्क सपाट आहे, बाकं भरपूर आहेत. पण रविवारी दुपारी टेबलाजवळचं बाक मिळणं कठीण, तेव्हा थोडं दक्षिणेकडे मैदानाच्या कडेला बसवा. स्वच्छतागृह आहे, टिश्यू आणि हात धुण्याचं द्रव स्वतःजवळ ठेवा. पार्कमधून मॉट स्ट्रीटकडे जाणारा मॉस्को स्ट्रीट छोटा असला तरी चढाचा आहे. गुडघे दुखत असतील तर बेयर्ड स्ट्रीटने वळून जा.

६. या जागी पूर्वी काय होतं? झोपडपट्टी होती हे खरं का?

त्याच्याही आधी, अगदी शेजारी, तळं होतं. कलेक्ट पाँड नावाचं, ४८ एकर पसरलेलं, जवळपास ६० फूट खोल. अठराव्या शतकात शहराला गोडं पाणी इथून मिळे. मग काठावर कातडी कमावणारे, खाटीक, मद्य गाळणारे आले आणि पाणी नासलं. १८११ च्या सुमारास तळं बुजवून टाकलं. भराव नीट झाला नव्हता. मुंबईकरांना भरावाची जमीन काय असते हे सांगायला नको: इथली जमीन खचू लागली, घरं कलली, ओल आणि डास आले. ज्यांना परवडत होतं ते उठून गेले. राहिले ते गरीब.

तीन रस्त्यांच्या छेदावर पाच कोपरे होत होते, म्हणून वस्तीचं नाव फाइव्ह पॉइंट्स. तो छेद म्हणजे आजच्या बॅक्स्टर आणि वर्थ स्ट्रीटचा कोपरा, पार्कचं नैर्ऋत्य टोक. इथे गुलामीतून सुटलेले काळे लोक राहिले, १८४५ नंतरच्या दुष्काळातून पळालेले आयरिश आले, १८८० नंतर दक्षिण इटलीतले शेतमजूर आले. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये पोलीस बरोबर घेऊन ही वस्ती बघायला आला होता. दारिद्र्याचं वर्णन त्याने केलंच, पण एका तळघरात काळ्या नर्तकाचं नाचणं बघून तो थक्क झाला होता. आयरिश आणि आफ्रिकी पदन्यास इथल्या दाटीत एकमेकांत मिसळले आणि पुढे त्यातूनच बुटांनी ताल धरणारं टॅप नृत्य घडलं.

झोपडपट्टी या शब्दाने पत्र्याची घरं डोळ्यांपुढे येतात. इथे पाच-सहा मजली चाळी होत्या, मागच्या अंगणातही चाळी, आणि मध्ये उजेड न पोचणारे बोळ. गिरणगावातली खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल. इथे त्याहून वाईट होतं.

७. मग ती वस्ती पाडून पार्क कोणी केलं? राहणाऱ्यांचं काय झालं?

जेकब रीस हे नाव लक्षात ठेवा. १८७० मध्ये डेन्मार्कहून आलेला, स्वतः बेघर राहिलेला, पुढे पोलीस बातमीदार झालेला माणूस. मॅग्नेशियमच्या झगमगाटात अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढता येतात हे कळल्यावर तो रात्री-अपरात्री या बोळांत कॅमेरा घेऊन शिरला. मलबेरी स्ट्रीट ५९½ या पत्त्यावरच्या बोळाचा त्याचा १८८८ चा फोटो जगप्रसिद्ध आहे. तो बोळ आजच्या पार्कच्या हद्दीत होता. १८९० मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि शहर हाललं.

१८८७ च्या कायद्याने दाट वस्त्यांत छोटी उद्यानं करण्यासाठी वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत खर्चाची मुभा दिली होती. त्यातून चाळी विकत घेऊन पाडल्या गेल्या. आराखडा कॅल्व्हर्ट वॉक्सचा, सेंट्रल पार्कच्या दोन शिल्पकारांपैकी एक. तोही इंग्लंडहून आलेला. १८९५ मध्ये तो गेला. पार्क उघडलं १८९७ च्या उन्हाळ्यात. सुरुवातीला हिरवळीवर पाऊल ठेवायला बंदी होती, आणि खुद्द रीसने लिहून ठेवलंय की गवतावर चालला म्हणून त्यालाच पोलिसाची छडी खावी लागली.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला मनापासून वाटतं की तो प्रत्येकाने विचारावा. राहणाऱ्यांना नवी घरं मिळाली नाहीत. पुनर्वसन ही कल्पनाच नव्हती. हजारो माणसं शेजारच्या तितक्याच दाट चाळींमध्ये विखुरली. रीसला त्यांची कणव होती, पण त्याच पुस्तकात त्याने चिनी, इटालियन आणि ज्यू लोकांबद्दल जे लिहिलं आहे ते आज वाचवत नाही. पार्क चांगलं झालं. ते कोणाच्या घरांच्या जागी झालं, हेही मुलांना सांगा.

८. चिनी वस्तीतल्या पार्कला कोलंबसचं नाव कसं?

नाव पडलं तेव्हा भोवताली इटालियन होते. उघडताना हे मलबेरी बेंड पार्क होतं. १९११ मध्ये इटालियनांच्या अभिमानाचा माणूस म्हणून कोलंबस आला. लोक बदलले, पाटी राहिली. लिटल इटली आता उत्तरेला काही गल्ल्यांपुरतं उरलं आहे.

९. चिनी लोक इथे कधी आले? आणि याचा आपल्याशी काय संबंध?

मॉट, पेल आणि डॉयर्स या तीन गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी पुरुष राहू लागले. पुरुषच, कारण १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं आणि बायका-मुलांना आणणं जवळजवळ अशक्य झालं. तो कायदा १९४३ मध्ये उठला, तरी वर्षाला १०५ जणांचाच कोटा होता.

आपल्यालाही दार असंच बंद होतं. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थान वगळलेल्या प्रदेशात घातला, १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणसाला नागरिकत्व नाकारलं, आणि १९४६ मध्ये मिळाला तो वर्षाला १०० जणांचा कोटा. दोघांसाठीही दार खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या एकाच कायद्याने. त्याच कायद्याने दक्षिण चीनमधल्या कँटनजवळच्या खेड्यांतली कुटुंबं या पार्कभोवती आली, आणि पुण्या-मुंबईचे डॉक्टर, इंजिनियर न्यू जर्सीत आले. आपण विमानाने पदवी घेऊन आलो, त्यांच्यातले बरेच शिवणकामाच्या कारखान्यात आणि हॉटेलच्या मोरीवर लागले. कायदा मात्र एकच. पार्कमधले ऐंशीच्या घरातले आजोबा आणि एडिसनच्या गणेशोत्सवाची पहिली पावती फाडणारे काका एकाच पिढीचे आहेत.

१०. टेबलांवर काय खेळतात? माझ्या बाबांना बुद्धिबळ येतं, ते खेळू शकतील का?

खेळ दोन-तीन प्रकारचे. बायकांच्या टेबलांवर जास्त करून पत्ते, कुठे माहजाँग या चिनी खेळाच्या वड्या, आणि पुरुषांच्या घोळक्यात श्यांगची, म्हणजे चिनी बुद्धिबळ. तो आपल्या चतुरंगाचाच भाऊबंद मानला जातो, त्यामुळे बाबांना निम्मं आधीच येतं. उरलेलं निम्मं असं:

सोंगट्या चपट्या, गोल, वर चिनी अक्षर. त्या घरात ठेवत नाहीत, रेषा जिथे छेदतात तिथे ठेवतात. उभ्या रेषा ९, आडव्या १०, आणि पटाच्या मधोमध नदी. आपला हत्ती जसा सरळ धावतो तसा इथे रथ धावतो. त्यांचा हत्ती आपल्या उंटासारखा तिरका जातो, पण बरोबर दोनच पावलं, आणि त्याला नदी ओलांडता येत नाही. घोडा अडीच घरंच, पण त्याच्या पायाशी सोंगटी असेल तर तो अडतो. तोफ ही खरी गंमत: चालते रथासारखी, मारताना मात्र मध्ये एक सोंगटी असावीच लागते, तिच्यावरून उडी घेऊन मारते. राजा नऊ बिंदूंच्या महालाबाहेर पडत नाही, आणि दोन राजे मोकळ्या रेषेत समोरासमोर येऊ शकत नाहीत.

माझे सासरे सांगलीचे, लहानपणापासून पटावर बसलेले. पहिल्या दिवशी मागे हात बांधून दीड तास उभे राहिले. तिसऱ्या खेपेला एका आजोबांनी स्टूल पुढे सरकवलं. भाषा शून्य. बोटाने चाल दाखवायची, चुकली की सोंगटी परत जागेवर. हरले, पण घरी येताना गाडीत तोफेबद्दलच बोलत होते. म्हणून सल्ला एवढाच: आधी बघा, बोलू नका, बोलावलं की बसा. स्वतःहून रिकाम्या खुर्चीवर बसू नका, ती बहुतेक कुणाची तरी रोजची असते.

आणि टेबलावर नोटा दिसल्या तर तिथून पुढे व्हा. पार्कमध्ये पैसे लावून खेळायला शहराची बंदी आहे, त्या घोळक्याला अनोळखी माणूस आवडत नाही.

११. गाणारे लोक कोण असतात? पैसे द्यायचे का?

बहुतेक निवृत्त, हौशी मंडळी. कँटनी संगीतनाटकातली पदं गातात. साथीला दोन तारांचं एरहू, कधी झांजा, लाकडी टाळ. मांडीवर उभं धरून गजाने वाजवायचं हे वाद्य ऐकताना सारंगीची आठवण येते. सूर पहिल्यांदा कानाला टोकदार वाटतील. दोन पदं थांबा. आपल्या घरी आजी-आजोबांचे डोळे "नाथ हा माझा" ऐकून भरून येतात, तेच चेहरे इथे दिसतात. पुढे डबा ठेवलेला असेल तर एक-दोन डॉलर टाका, नसेल तर पैसे पुढे करू नका, टाळ्या पुरतात.

१२. फोटो, व्हिडिओ काढले तर चालतात का?

कायद्याने सार्वजनिक जागेत हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात. पण कायदा झाला म्हणजे रीत झाली असं नाही. आपल्या वाड्याच्या ओट्यावर बसलेल्या आजीच्या तोंडासमोर कुणी अनोळखी माणसाने फोन धरला तर कसं वाटेल? मंडप, पुतळा, खेळणारी मुलं (आपली) यांचे काढा. माणसाचा काढायचा असेल तर नजरेने विचारा. हात हलवून नाही म्हटलं तर विषय संपला. पत्त्यांच्या टेबलांचे आणि अंत्ययात्रेचे (प्रश्न १५) अजिबात नकोत.

१३. मंडपासमोरचा पुतळा कोणाचा?

डॉ. सुन यत-सेन यांचा. चीनमधली राजेशाही १९११ च्या क्रांतीने उलथली, तिचे नेते. पुतळा क्रांतीच्या शताब्दीला, २०११ मध्ये बसवला. खाली कोरलेले चार शब्द त्यांना प्रिय होते; अर्थ साधारण असा, की हे जग सर्वांचं आहे. क्रांतीसाठी लागणारा पैसा त्यांनी परदेशातल्या चिनी धोबी आणि हॉटेलवाल्यांकडून डॉलर-डॉलर करून जमवला होता, आणि उठाव झाल्याची बातमी आली तेव्हा ते अमेरिकेतच होते. गदर पक्षाची, म्हणजे अमेरिकेतल्या हिंदुस्थानी क्रांतिकारकांची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल.

१४. शाकाहारी जेवण मिळेल का? आमच्याकडे कांदा-लसूणही चालत नाही.

मिळेल, आणि चांगलं मिळेल. मॉट स्ट्रीटवर बौद्ध पद्धतीची पूर्ण शाकाहारी हॉटेलं आहेत, बुद्ध बोदाई त्यातलं जुनं. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्य असल्यामुळे तसे पदार्थ तिथे असतात, तरी मागवताना विचारा. "मटण", "बदक" अशी नावं बघून घाबरू नका, ते सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून केलेलं असतं.

साध्या हॉटेलात मात्र नुसतं "व्हेजिटेबल" वाचून फसू नका. भाजीत ऑयस्टर (कालवांचा) सॉस, सूपमध्ये कोंबडीचा रस्सा, पावात डुकराची चरबी असू शकते. मुलांना बेयर्ड स्ट्रीटवरच्या चायनाटाउन आइसक्रीम फॅक्टरीत न्या; काळ्या तिळाचं आइसक्रीम आजींनाही आवडतं, चव तिळाच्या लाडवाच्या जवळ जाते.

१५. पार्कसमोर बँड वाजत होता, लोक पांढऱ्या-काळ्या कपड्यांत होते. मिरवणूक होती का?

अंत्ययात्रा होती. मलबेरी स्ट्रीटवर पार्कच्या समोरच अंत्यविधी करणारी घरं आहेत. ही गल्ली इटालियनांची होती तेव्हाही हा व्यवसाय इथेच होता, आणि त्यांच्या पितळी वाद्यांचा बँड चिनी अंत्ययात्रांनीही आपलासा केला. कागदाची घरं, कागदाच्या नोटा जाळतात, गेलेल्याला पलीकडे उपयोगी पडाव्यात म्हणून. रस्ता ओलांडू नका, क्षणभर थांबा. घरातल्या आजी हात जोडतील तर जोडू द्या. तो नमस्कार तिथे सगळ्यांना कळतो.

१६. मुलं नाहीत बरोबर, पण खेळण्याच्या जागेतल्या बाकावर बसलो तर चालेल?

नाही. मुलांसाठी राखलेल्या जागेत मूल बरोबर असल्याशिवाय प्रौढांनी जायचं नाही, असा न्यूयॉर्कच्या उद्यानांचा नियम आहे. आजी-आजोबा झाले तरी हाच नियम. नातवंडासोबत गेलात तर प्रश्न नाही. सिगारेट आणि दारूही सगळ्याच पार्कांत बंद.

१७. चिनी नववर्षाचे फटाके इथेच असतात ना?

नाही, आणि यात बरेच जण चुकतात. फटाक्यांचा मोठा कार्यक्रम सारा डी. रूझवेल्ट पार्कमध्ये असतो, इथून चालत दहा-पंधरा मिनिटं. सिंहनृत्याचे ताफे मात्र मॉट, बेयर्ड या गल्ल्यांतून फिरतात. त्या दिवशी तान्ही मुलं किंवा आवाजाचा त्रास असलेले ज्येष्ठ बरोबर आणू नका. एरवी त्याच दुसऱ्या पार्कात सकाळी पिंजरे टांगून पक्ष्यांचं गाणं ऐकणारे आजोबा बसतात. ती जागा जरूर बघा.

१८. पार्क झाल्यावर जवळपास आणखी काय बघावं?

दोनच सांगते. मॉट आणि मॉस्को स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं ट्रान्सफिगरेशन चर्च: इमारत १८०१ ची, प्रॉटेस्टंटांनी बांधलेली, १८५३ मध्ये आयरिश कॅथलिकांनी घेतली, मग इटालियन आले, आता तिथे कँटनी आणि मँडरिनमध्ये प्रार्थना होते.

दुसरं म्हणजे चॅटम स्क्वेअरमधला लिन झेशू यांचा पुतळा. १८३९ मध्ये ब्रिटिश व्यापाऱ्यांची अफू जप्त करून नष्ट करणारे हे अधिकारी. मराठी माणसाने इथे थोडं जास्त थांबावं, कारण चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा माळव्यात पिकत होता आणि मुंबई बंदरातून जहाजांवर चढत होता. जुन्या मुंबईच्या कितीतरी दानधर्माच्या इमारतींमागे तो पैसा आहे.

१९. जुन्या वस्तीतल्या वस्तू कुठल्या संग्रहालयात बघायला मिळतील?

१९९१ मध्ये शेजारी नवं न्यायालय बांधताना फाइव्ह पॉइंट्सच्या घरांचे पाये आणि शौचकूप खणले गेले. साडेआठ लाखांच्या आसपास वस्तू निघाल्या. चहाचे कप, मातीच्या चिलमी, बाटल्या, शिवणकामाचं साहित्य, दारूबंदीचा प्रचार करणाऱ्या आयरिश फादर मॅथ्यूचं चित्र असलेला एक कप. बाहेरच्यांनी ज्यांना नुसतं गलिच्छ म्हटलं, ती माणसं टेबलावर नीट कपबश्या मांडत होती, हे त्यातून दिसलं.

हा सगळा संग्रह वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ६ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात ठेवला होता. ११ सप्टेंबर २००१ ला तो गेला. १८ वस्तू त्या वेळी प्रदर्शनासाठी दुसरीकडे उसन्या दिलेल्या होत्या. तेवढ्याच राहिल्या.